बागेत दिवाळी पहाट करायची आहे, परवानगी नक्की कोण देतं?

पेटीवाली | १९ सप्टेंबर २०२४

गणपती मंगळवारी गेले, मांडवाच्या खड्ड्यांत अजून पाणी साचलंय, आणि मी दिवाळीचा धागा काढतेय. हसू नका. आज तीन कार्यालयं फिरून आलेय.

प्रकार असा. आमच्या चार-पाच सोसायट्यांच्या मधोमध महापालिकेची बाग आहे. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) आमचा दहा-बारा जणांचा गाण्याचा गट आहे. पाडव्याला, म्हणजे शनिवारी २ नोव्हेंबरला, पहाटे साडेपाच ते साडेसात भूपाळ्या, अभंग, थोडी नाट्यगीतं असा बेत आहे. तिकीट नाही. दोनशेक माणसं येतील. दोन स्पीकर, छोटा मंच, मागे कापड, बस्स.

बागेच्या चौकीत विचारलं तर रखवालदार म्हणाला, क्षेत्रीय कार्यालय. तिथल्या बाई म्हणाल्या, उद्यान विभाग, मुख्य इमारत. तिथे एका सज्जन गृहस्थांनी चहा विचारला आणि मग म्हणाले, "आधी पोलिसांचं ना हरकत आणा." पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "जागा ज्यांची, त्यांचं पत्र आणा. बाग काय आमची आहे?"

दोघांचंही चूक म्हणता येत नाही. पण मग पहिला कागद कुणी द्यायचा? कुणी हे पार पाडलंय का?

बारनिशीवाला | १९ सप्टेंबर

पार पाडलंय, आणि तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसूनही पाहिलंय. (वेगळ्या गावात. हलके घ्या.)

तुम्ही तोंडी विचारत फिरलात, तिथेच चुकलं. तोंडी विचारणाऱ्याला प्रत्येक टेबल पुढचं टेबल दाखवतं, कारण त्यात कुणाचंच काही जात नाही. एकच अर्ज लिहा, उद्यान अधीक्षकांच्या नावे. खाली "प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव" म्हणून क्षेत्रीय कार्यालय आणि पोलीस ठाणे घाला. तिन्हीकडे एकाच दिवशी द्या. आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच म्हणजे परवानगी नव्हे, पण फाइल जन्माला आल्याचा तो दाखला आहे.

आता गाठ सोडवायची. अर्जात स्पष्ट लिहा: "पोलीस विभागाच्या परवानगीच्या अधीन राहून सशर्त मान्यता मिळावी." उद्यानवाल्यांना सशर्त पत्र द्यायला जड जात नाही, कारण जबाबदारी पुढे गेलेली असते. ते पत्र दाखवलं की ठाण्याचंही काम होतं.

अर्जात काय हवं: तयारी आणि आवराआवर धरून वेळ (कार्यक्रम दोन तासांचा, पण बाग तुम्हाला चार तास लागणार), माणसं किती, बागेचा नेमका कोणता भाग, वीज कुठून घेणार, कचरा कोण उचलणार, दोन जबाबदार माणसांची नावं आणि मोबाइल. शिवाय हाताने काढलेला नकाशा जोडा. कुणी मागत नाही, पण नकाशा असलेली फाइल साहेब उघडून बघतात.

सुपारी_नको | १९ सप्टेंबर

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कलमबहाद्दर | २० सप्टेंबर

बारनिशीवाल्यांशी सहमत, पण मूळ घोटाळा वेगळाच आहे. साडेपाच ही वेळच चालणार नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला अपवाद आहे, बागेला नाही. राज्य सरकार सणासुदीला वर्षातले १५ दिवस सूट देऊ शकतं, पण ती रात्री १० ते १२ ची असते. पहाटेची सूट नियमांत नाहीच. म्हणजे दिवाळी पहाट नावाचा प्रकार स्पीकरवर करायचा तर तो सहानंतर.

दिवसाही लेखी परवानगी लागतेच. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आसपासच्या मानकापेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. तुमच्याकडे ५५ अधिक १०, म्हणजे ६५. दोन मोठे खोके लावलेत तर कुंपणापाशी ६५ मध्ये राहणं कठीण.

बागेजवळ दवाखाना, शाळा, न्यायालय आहे का?

पेटीवाली | २० सप्टेंबर

मागच्या गेटासमोर प्रसूतिगृह आहे. रस्ता ओलांडला की दारच. संपलं का सगळं?

आणि आमच्या शहरात पाच-साडेपाचला सुरू होणाऱ्या पहाटा मी स्वतः ऐकल्यात. मुख्य अतिथी, मोठा पडदा, सगळं.

कलमबहाद्दर | २० सप्टेंबर

ऐकल्या असतील. मी नियम सांगतोय, रिवाज नाही.

प्रसूतिगृहाबद्दल: पूर्वी रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरले जात. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तेव्हा ठाण्यात विचारा की ही जागा जाहीर यादीत आहे का. यादीत असली तर दिवसाची मर्यादा ५० वर येते आणि स्पीकरचा विषयच संपतो. नसली तरी तिथे बाळंतिणी झोपलेल्या असतात, हे वेगळं.

तीन_फेऱ्या | २१ सप्टेंबर

मी वयाने मोठी आहे म्हणून स्पष्ट लिहिते. रोज पहाटे सव्वापाचला मी आमच्याकडच्या बागेत असते. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, सपाट आणि मातीच्या ट्रॅकवरच चाला. ती एकच जागा आहे. गेल्या वर्षभरात तिथे योग शिबिर, महिला दिन, कुणाच्या आमदारकीचा वाढदिवस, आरोग्य तपासणी, दोनदा पुस्तक प्रदर्शन आणि एक साबणाच्या कंपनीचं काहीतरी झालं. दर वेळी ट्रॅकवर खुर्च्या. दर वेळी "एकच दिवस तर आहे काकू."

तुम्ही गोड गाल यात शंका नाही. पण बाग म्हणजे भाडं न देता मिळणारं कार्यालय नव्हे. परवानगी मिळणं अवघड आहे ते बरंच आहे, असं माझं मत.

सुपारी_नको | २१ सप्टेंबर

काकूंना +१. आमच्याकडे तर केक कापायला येतात. फेस मारतात झाडांवर. कागदी चमक्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत गवतात.

खुरपं | २१ सप्टेंबर

मी २०१९ पर्यंत एका नगरपालिकेच्या बागेत होतो. माळी म्हणून लागलो, मुकादम म्हणून सुटलो. लिहायची सवय नाही, समजून घ्या.

लोकांना वाटतं गवतावर बसलं तर काय होतं. बसून काही होत नाही. प्लास्टिकची ताडपत्री अंथरून वर मॅट टाकली आणि उन्हं वर आली की खाली भट्टी होते. दोन तासांत पिवळं पडतं, परत यायला महिना जातो. सतरंजी चालते, हवा खेळते. मंचाचे पाय हिरवळीवर ठेवायचे नाहीत, फरशीवर ठेवायचे. बांबूला खड्डा घेतला की खाली ठिबकची नळी फुटते, आणि ती कुठून गेलीय ते फक्त माळ्याला माहीत असतं. झाडाला खिळा ठोकायचा नाही, सुतळी बांधा आणि जाताना सोडा. सुतळी न सोडल्यामुळे आवळून मेलेली फांदी मी दाखवली असती.

पणत्या. तेल फरशीवर सांडतं, लाल दगडात मुरतं. खाली पत्रावळ ठेवा. फराळ वाटणार असाल तर बाहेर वाटा, नाहीतर घुशी होतात.

सगळ्यात महत्त्वाचं. पाणी पहाटे सोडतात. फवारे कुठे टायमरवर असतात, कुठे माणूस सोडतो. आदल्या दिवशी माळ्याला स्वतः भेटून सांगा. साहेबाचं पत्र माळ्यापर्यंत पोचत नाही.

पेटीवाली | २१ सप्टेंबर

खुरपंदादा, हा प्रतिसाद मी कागदावर उतरवून घेतला. तीन_फेऱ्या काकू, राग नाही. ट्रॅक मोकळाच ठेवणार, हे अर्जात लिहिते.

दादरकर | २२ सप्टेंबर

मैदान आणि उद्यान यांत गल्लत नको, म्हणून थोडं अवांतर. बागेत खेळायचंही नसतं, मैदानात खेळायचंच असतं, त्यामुळे नियम निराळे. आमच्या शिवाजी पार्कात खेळ सोडून इतर कामाला वर्षाकाठी ४५ दिवस, आणि २६ जानेवारी, १ मे, ६ डिसेंबर त्यातच आले. मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं. त्यामुळे तिथे कुणाला किती दिवस यावरून दर वर्षी कुरबुर.

२०२२ चा दसरा मेळावा आठवत असेलच. शिवसेनेच्या दोन्ही गटांचे अर्ज ऑगस्टमध्येच गेले होते. महापालिकेने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन दोघांनाही नकार दिला. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली आणि ५ ऑक्टोबरला मेळावा झाला. शिंदे गट वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) गेला. माझ्या मते त्यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते एवढंच, की अर्ज लवकर द्या आणि नकार तोंडी नको, कागदावर मागा. कागद असेल तरच त्याच्यावर दाद मागता येते.

सुपारी_नको | २२ सप्टेंबर

राजकारण आलं, आता धागा शंभरी गाठणार.

दादरकर | २२ सप्टेंबर

नाही येत. तेवढंच होतं.

पणजेकार | २३ सप्टेंबर

पणजीच्या गार्सिया द ओर्ता बागेत मधोमध बँडस्टँडच आहे. ज्याने बाग आखली त्यानेच गाण्याची जागा आखली, त्यामुळे "कुठे बसायचं" हा प्रश्न येत नाही. परवानगीचे कागद चुकत नाहीत, पण हिरवळ वाचते. तुमच्या बागेत पार, कट्टा असं काही आहे का?

पेटीवाली | २३ सप्टेंबर

आहे! पिंपळाला गोल कट्टा आहे. संध्याकाळी आजोबा लोकांचा, सकाळी रिकामा. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, मंच मंच करत बसलो होतो.

क्वीन्सकर | २४ सप्टेंबर

न्यूयॉर्कहून. इथे सगळं ऑनलाइन असतं आणि म्हणून सोपं असतं, असं कुणी म्हणण्याआधी सांगतो. शहराच्या पार्कात वीसपेक्षा जास्त माणसं जमवायची तर कार्यक्रमाची परवानगी काढावी लागते, अर्जाचे २५ डॉलर, परत मिळत नाहीत. स्पीकर लावायचा तर ती परवानगी निराळी, आणि ती द्यायची पोलिसांनी! पार्कची परवानगी घेऊन ठाण्यात जायचं, ४५ डॉलर भरायचे. फरक एकच, आधी कुठला कागद आणि मग कुठला, हे लिहून ठेवलेलं आहे. आमच्या मंडळाच्या सहलीला आम्ही दोन वर्षं स्पीकर टाळला आणि ढोलकीवर भागवलं.

कलमबहाद्दर | २४ सप्टेंबर

क्वीन्सकरांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं. पेटीवाली ताई, तुमची यादी पुन्हा बघा. पोलिसांची ध्वनिक्षेपक परवानगी कशासाठी? स्पीकरसाठी. साडेपाच की सहा हा वाद? स्पीकरमुळे. प्रसूतिगृह? स्पीकर. तात्पुरती वीज, वायरिंगचा दाखला? स्पीकर आणि दिवे. मंडप, अग्निशमन? मंच आणि कापड. गाण्यासाठी म्हणून जे लागतं ते उद्यान विभागाचं एक पत्र आणि ठाण्याला लेखी कळवणं. पिंपळाच्या कट्ट्यावर बसून गळ्याने गाणार असाल तर निम्मी फाइल गळून पडते.

(ठाण्यात जमावबंदीचा आदेश चालू आहे का तेवढं विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे आदेश अधूनमधून निघत असतात.)

पेटीवाली | २४ सप्टेंबर

स्पीकरशिवाय दोनशे माणसांना ऐकू कसं जाणार?

बारनिशीवाला | २४ सप्टेंबर

ऐंशीच बोलवा.

पेटीवाली | २९ सप्टेंबर

गटात भांडण झालं. तबलजी म्हणतात माइक नसेल तर मी येणार नाही. बाकीचे म्हणतात, पूर्वी देवळात कुठे माइक होते. तूर्तास अर्जात "ध्वनिक्षेपक सहानंतर, मर्यादित आवाजात" असं लिहून गेल्या बुधवारी तिन्हीकडे दिला. तीन शिक्के मिळाले. उद्यानवाल्यांनी चलन काढून दिलं, भाडं वेगळं, अनामत पाच हजार.

आणखी एक. गटातल्या एकाने घाबरवलंय की नाट्यगीतांसाठी संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला पैसे भरावे लागतात. खरं का?

कलमबहाद्दर | २९ सप्टेंबर

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे केलेला प्रयोग हा हक्कभंग धरत नाहीत. शिवाय कर्ता जाऊन साठ वर्षं उलटली की रचना मोकळी. तुकोबांचे हक्क कुणाकडेच नाहीत. मात्र मोबाइलवरून तयार ट्रॅक लावून त्यावर गाणार असाल, तर तो ध्वनिमुद्रणाचा वेगळा विषय आहे. पेटी आहे ना? मग वाजवा.

पेटीवाली | १६ ऑक्टोबर

काल आचारसंहिता लागली आणि माझी फाइल थांबली.

उद्यान विभाग म्हणतो, आता निवडणूक शाखेचं मत घ्यावं लागेल. आणि याच आठवड्यात आमच्या प्रभागातल्या एका इच्छुकांचा माणूस घरी आला. "ताई, परवानगीचं आम्ही बघतो. स्पीकर, मंच, उटणं-पणती वाटप, सगळं आमच्याकडून. फक्त मागे एक फ्लेक्स." नवरा म्हणाला, घे, काम होतंय. मी रात्रभर विचार केला, खोटं कशाला सांगू.

तीन_फेऱ्या | १६ ऑक्टोबर

घेऊ नका.

बारनिशीवाला | १६ ऑक्टोबर

घेतलंत तर आजच फाइल बंद. आचारसंहितेत इच्छुकाचा फ्लेक्स आणि पालिकेची बाग एकत्र आली की सही करणारा सही करत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. उलट हमीपत्र द्या: कोणताही राजकीय पक्ष, व्यक्ती, चिन्ह, फलक, वाटप यांचा संबंध नाही, व्यासपीठ नाही, सत्कार नाही, प्रास्ताविक नाही. आणि स्पीकर काढून टाका. नवीन अर्ज नको, जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन "कार्यक्रमात बदल" असं एक पानी पत्र द्या. नव्या अर्जाला नवी तारीख पडते.

पेटीवाली | १७ ऑक्टोबर

दिलं. तबलजी रुसले. इच्छुकही.

पेटीवाली | २५ ऑक्टोबर

मिळाली!! एक पान, अकरा अटी. "ध्वनिक्षेपकाचा वापर करता येणार नाही" ही अट चौथी, म्हणजे आम्ही सोडलेली गोष्ट आम्हालाच मनाई म्हणून परत आली. अट आठ, "नागरिकांच्या चालण्यास अडथळा होऊ नये". काकू, ही तुमची. पत्र घेऊन ठाण्यात गेले, अंमलदारांनी वाचलं, विचारलं, "स्पीकर नाही? मग आमच्याकडे कशाला आलात?" प्रतीवर शिक्का मारून दिला.

खुरपं | २५ ऑक्टोबर

माळ्याला भेटा.

पेटीवाली | ३ नोव्हेंबर

झाली पहाट. सविस्तर लिहिते.

पावणेसहाला पोचलो. गेट सहाला उघडतं, किल्ली रखवालदाराकडे, तो पाडव्याचा म्हणून आंघोळीला घरी गेलेला. सहा-दहाला आला, ओल्या केसांनी. सव्वासहाला बसलो, अजून अंधारच होता, साडेसहाच्या पुढे उजाडतं हल्ली. कट्ट्यावर सहा जण, बाकीचे खाली सतरंजीवर. पत्रावळीवर पणत्या. सत्तर-पंचाहत्तर माणसं असतील. पहिल्या भूपाळीला मागच्या लोकांना ऐकू येईना, तर कुणी "आवाज" म्हणून ओरडलं नाही, तेच उठून पुढे येऊन बसले. कावळे आमच्याहून जोरात होते. तबलजी आले! तबला नाही आणला, टाळ घेऊन बसले.

खुरपंदादा, माळ्याला भेटले होते हो. शुक्रवारी जाऊन सांगितलं, तो "हो ताई" म्हणाला. पण शनिवारी त्याची सुट्टी आणि बदलीवर दुसरा. सहा पन्नासला डावीकडचे सगळे फवारे एकदम सुरू. अर्धी सतरंजी उठली, लोक हसत पळाले, मी पेटी पोटाशी धरून कट्ट्यावर. तंबोऱ्याला थोडं पाणी लागलं, सुकलाय. बदली माळी इतका घाबरला की त्याला आम्ही लाडू दिला (बाहेर नेऊन!).

ट्रॅकवर लोक चालतच होते. आमच्याकडच्या एक बाई थांबल्या नाहीत, पण नंतर म्हणाल्या, दर फेरीला एक कडवं ऐकलं.

तीन_फेऱ्या | ३ नोव्हेंबर

थांबायचं नसतंच. पल्स पडतो.

खुरपं | ३ नोव्हेंबर

सुतळी बांधली होती का कुठे?

पेटीवाली | ३ नोव्हेंबर

एक. सोडली.

बारनिशीवाला | ४ नोव्हेंबर

अनामतीचा अर्ज आजच टाका. बाग सुस्थितीत ताब्यात दिल्याची उद्यान निरीक्षकांची सही त्यावर आधी घ्या, नंतर कुणाला आठवत नाही.

पेटीवाली | १७ जानेवारी २०२५

अनामत अजून आलेली नाही. फाइल लेखा विभागात आहे, त्यांना मूळ चलन हवंय, ते उद्यान विभागात जोडलेलं आहे, आणि उद्यान विभाग म्हणतो लेखा विभागाचं पत्र आणा.